गच्चीवरचा पाहुणा

मे महिन्यात हिंगोलीत पारा ४२-४३ अंशांवर गेला की आम्ही घरात कोंडून घेतो आणि गच्चीवर कुंडीतल्या मँगोस्टीनला हिरव्या जाळीचा मांडव पडतो. आम्ही प्यायला जार विकत आणतो. पाहुण्याला मात्र दिवसातून तीनदा फवारा.

हे झाड मलेशिया-इंडोनेशियाकडच्या दमट रानातलं. आपल्याकडे निलगिरीच्या उतारावर, कल्लार-बर्लियारच्या सरकारी फळबागांत ते सुखानं नांदतं. बी लावल्यापासून फळाला सात-दहा वर्षं लागतात, तीही हवा मानवली तर. नर्सरीवाल्यानं मात्र ‘पुढच्या साली खाल’ म्हणत दीड हजार मोजून घेतले. तीन वर्षांत पानं आली अकरा, गळाली सात. उरलेल्या चारांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या. नावात ‘मँगो’ असलं तरी आंब्याशी नातं नाही. भाऊबंदकी आपल्या कोकमाशी. म्हणजे आमसुलाच्या चुलतभावासाठी हा थाट!

वसमतचा मेहुणा हळद विकून परतताना आला. कुंडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, “दाजी, एवढ्यात हळदीची तीन पिकं निघाली असती.” त्यांच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या कुंडीला शेजारणीचं “अगं बाई!” एवढंच.

कंपाउंडलगत कुणीतरी थुंकलेल्या बीतून सीताफळ उगवलंय. ना जाळी, ना फवारा. गेल्या दिवाळीत नुसतं लगडलं होतं. तेही मूळचं अमेरिका खंडातलं. पण त्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.