फियाटची कवळी

परीक्षकांनी खिडकीतून नुसतं डोकं आत घातलं, पंगतीत वरणभाताखाली पिझ्झा सापडावा तसा चेहरा केला आणि हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. जुन्या मोटारींच्या त्या मेळाव्याला आमची 1968 सालची फियाट डिलाइट नगरहून धावत गेली होती. वाटेत एकदाही तापली नाही, रुसली नाही. आणि तिचे गुण गेले ते डॅशबोर्डाच्या मधोमध बसवलेल्या, निळे-जांभळे दिवे लुकलुकवणाऱ्या, पेनड्राइव्ह खुपसायच्या खोक्यामुळे. पुतण्याने एका दिवाळीत हौसेने ते बसवलं होतं. पुतण्या पुण्याला नोकरीला गेला, खोकं राहिलं.

‘‘त्या काळातला रेडिओ बसवा,’’ परीक्षक म्हणाले. पावशेर शेंगदाणे आणा म्हणावं, इतक्या सहज.

मी मनावर घेतलं. त्यात 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी काढलेली. नव्याने नोंदणीला वीस हजार रुपये. बायको म्हणाली, ‘‘म्हातारी झाली की किंमत वाढते, असं घरात फक्त गाडीचंच आहे.’’ मी रेडिओच्या मागे लागलो त्यामागे हे वाक्यही होतं.

मोटारीत रेडिओ ही कल्पना तशी माझ्या आप्पांपेक्षाही जुनी. अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी 1930 साली मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ म्हटलं; पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं. जर्मनीत 1932 साली ब्लाउपुंक्टने काढला. त्या नावाचा अर्थ निळा ठिपका. कानाला लावायचे फोन तपासून झाले की त्यावर निळा ठिपका मारायचे, लोक तोच ठिपका बघून माल मागू लागले. आमच्याकडे हळदीकुंकवाचा ठिपका मारतात. पण त्यानंतर मालाची तपासणी होत नाही.

शोध अर्थातच नगरात सुरू केला. (अहिल्यानगर म्हणायची सवय करतोय.) या गावात 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. महायुद्धातले रणगाडे रंगरंगोटी करून रांगेत उभे आहेत, रोल्स-रॉइसची चिलखती गाडीसुद्धा आहे. म्हणजे नगरात रणगाडा सापडतो, फियाटचा रेडिओ सापडत नाही. कापड बाजाराकडच्या तीन दुकानांत विचारलं. पहिल्याने हसून चहा पाजला. दुसऱ्याने ‘‘ब्लूटूथचा घ्या ना’’ म्हणून चहा पाजला. तिसऱ्याने नुसताच चहा पाजला.

मग डोकं चालवलं. जिल्हा साखरेचा. 1950 साली प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विख्यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि मग उसापाठोपाठ कारखाने, कारखान्यांपाठोपाठ चेअरमन आणि चेअरमनपाठोपाठ गाड्या आल्या. कुठल्या ना कुठल्या वाड्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादी निश्चित पडून असणार. राहुरी तालुक्यात अशी एक सापडली. गाडी अँब्युलन्सइतकी लांब आणि इंग्रजी, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. डॅशबोर्डात रेडिओ मात्र अस्सल. दोन्हीकडे गोल बटणं, मधे आकड्यांची पट्टी.

‘‘न्या की,’’ मालक म्हणाले. ‘‘पण कोंबडी उठवू नका.’’

एक तास पुढच्या सीटवर आडवं पडून, कोंबडीच्या नजरेखाली, मी आणि आमच्या गाडीच्या मिस्त्रीने रेडिओ काढला. घरी आणून फियाटला जोडला. दिवा लागला. आवाज आला नाही, धूर आला.

तेव्हा कळलं की जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचे. आमच्या इटालियन घराण्यातल्या फियाटमध्ये निगेटिव्ह जोडतात. रेडिओचा सांगाडा पत्र्यालाच टेकतो, त्यामुळे एकीकडचा रेडिओ दुसरीकडे लावला की प्रवाह उलटा शिरतो आणि आतले बिचारे ट्रान्झिस्टर जागच्या जागी देह ठेवतात. सोयरीक जुळवताना गोत्र बघतात, रेडिओ जुळवताना अर्थिंग बघावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

‘‘गेला,’’ मिस्त्रीने टोपी काढली.

पुढचे चार रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात घालवले. बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो; बुधवारी मी रजा टाकण्यापर्यंत गेलो नाही, एवढा संयम अजून शिल्लक आहे. तिथे नळाच्या तोट्या, कुलपाविना किल्ल्या, किल्लीविना कुलपं, एका पायाचे बूट अशी सगळी सृष्टी चादरीवर मांडलेली असते. चौथ्या रविवारी एका चादरीच्या कोपऱ्यात, इस्त्री आणि पितळी घंटेच्या मधे, तो दिसला. कंपनीचं नाव झिजून शेवटचं एक अक्षर उरलेलं. मधे पट्टी, खाली हस्तिदंती रंगाची पाच बटणं. सहा हजारांवरून अठ्ठावीसशेला आला, आणि मी पाठ फिरवल्यावर ‘‘साहेब, पंचवीसशे’’ ऐकू आलं. तोपर्यंत पैसे दिलेले होते.

नगरात एक काका आहेत. वय सत्तरीपुढे, दुकान कपाटाएवढं. त्यांनी झाकण उघडलं आणि देव्हारा उघडावा तसे गप्प झाले. घरच्या रेडिओत स्टेशन लावायला पत्र्याच्या पात्यांचा गँग असतो. गाडीच्या धक्क्यांनी ती पाती थरथरतील, म्हणून मोटारीच्या रेडिओत तारेच्या गुंडाळीतून बारीक काळ्या कांड्या आतबाहेर सरकतात. हे सांगताना काकांनी त्या कांड्या अशा हळुवार सरकवल्या, की मलाही क्षणभर रेडिओ दुरुस्त करावासा वाटला. वाळलेले कंडेन्सर त्यांनी बदलले. बटणांची गंमत दाखवली: बटण बाहेर ओढायचं, हवं ते स्टेशन लावायचं, बटण आत दाबायचं. मग ते बटण कधीही दाबा, काटा धावत तिथेच जातो. ना वीज, ना चिप, नुसता पत्रा आणि स्प्रिंग. जाताना त्यांनी एरियलच्या भोकाजवळचा एक स्क्रू केसभर फिरवला आणि खरखरीतून एकदम माणसाचा आवाज आला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, ‘‘सोल्डरचा धूर आहे, मागं सरका.’’

गाडीत बसवला. आता नगरचं आकाशवाणी केंद्र ऐकू, म्हणून काटा या टोकापासून त्या टोकाला फिरवला. नगर लागेना. लागणार कसं? आपलं केंद्र एफएमवर, 100.1 मेगाहर्ट्झला, आणि हा रेडिओ फक्त मीडियम वेव्हचा. आपल्या देशात एफएम आलं 1977 साली, मद्रासला. म्हणजे काळाशी प्रामाणिक राहायचं तर माझ्या गाडीला स्वतःच्या गावाचं स्टेशन ऐकायचा अधिकार नाही. लागलं ते पुणे, 792 किलोहर्ट्झ. पाचही बटणांवर मी पुणेच लावलं. नगर जिल्ह्याच्या राजकारणासारखं: बटणं पाच, पण कुठलंही दाबा, सोयरे एकच.

पण तेही इंजिन बंद असताना. इंजिन सुरू केलं की प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओला ऐकू जाते. बातम्यांवर फुटाण्यांचा पाऊस. गाडी वेग घेते तसे फुटाणे वाढतात. कॉइलला कंडेन्सर लावला, आवाज कमी झाला. आता फुटाण्यांच्या लाह्या झाल्यात.

तरी मी खूश होतो. आप्पांना दाखवायला नेलं. आप्पा शहाऐंशीचे. गाडी त्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून मिळवलेली. पुढच्या सीटवर बसले, चष्मा सावरला, रेडिओकडे बराच वेळ बघत राहिले.

‘‘हे काय आणलंस?’’

‘‘आप्पा, मूळचा रेडिओ. आपल्या गाडीत होता ना, तसा.’’

‘‘आपल्या गाडीत रेडिओ कुठं होता?’’ आप्पांनी जिभेने कवळी जागेवर बसवली. ‘‘रेडिओचे पैसे वेगळे पडायचे. वर पोस्टात लायसन्स काढा, दरसाल पंधरा रुपये भरा. घरच्या रेडिओचे भरत होतो तेवढे पुरे. आपल्याला कंपनीनं तिथं झाकण दिलं होतं. पत्र्याचं. छान होतं.’’

‘‘मग ते झाकण गेलं कुठं?’’

‘‘तुझ्या पुतण्यानं काढलं. फेकलं असेल.’’

तेव्हा वाचकांपैकी कोणाकडे 1968 च्या सुमाराच्या फियाट डिलाइटच्या डॅशबोर्डाचं रेडिओच्या जागेचं मूळ पत्र्याचं झाकण असेल, तर कृपया कळवावं. रंग उडालेला चालेल. बदल्यात चालू स्थितीतला रेडिओ मिळेल. पुणे छान लागतं, फक्त गाडी उभी ठेवावी.