जाणाऱ्याची हमी, येणाऱ्याचं काय?

सिंदेवाहीच्या माणसाला सीमेची भीती घालू नये. आम्ही नाक्यांवरच लहानाचे मोठे झालो. जंगलातला बांबू न्यायचा तर टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना; सागवान न्यायचं तर टीपी. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरायचं तर डिक्की उघडायची तयारी ठेवायची, कारण तिकडे १९९३ पासून दारूबंदी. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली. त्या सहा वर्षांत शिपाई दिसला की हात आपोआप डिक्कीकडे जायचा, आत नुसत्या तांदळाच्या चुंगड्या असल्या तरी.

म्हणून आमच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींनी स्वतःच्या गाडीने नेपाळातल्या पशुपतिनाथाला जायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. नवल पुढे वाटलं. चौकातल्या टपरीवर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कागद कोणते लागतेत जी?"

पहिला जाणकार म्हणाला, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. आरटीओत अर्ज करायचा, हजार रुपये भरायचे, वर्षभर चालतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराचं हे पुण्य. या माणसाला गाडी चालवता येते, असं भारत सरकार त्यात साऱ्या जगाला लिहून देतं. गुरुजींना वळण घेताना ज्यांनी पाहिलं आहे, ते एवढं मोठं विधान करायला धजणार नाहीत.

दुसरा जाणकार जास्त शिकलेला. तो म्हणाला, परवाना चालवणाऱ्याचा झाला, गाडीचं काय? गाडीला कार्नेट लागतं. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संघटना तो देतात. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना खालचा तुकडा कस्टमवाला फाडून घेतो, बाहेर पडताना मधला फाडतो, आणि दोन्ही शिक्के बसलेला वरचा तुकडा आपल्याजवळ उरतो. हा सगळा खटाटोप एकाच संशयापोटी: हा माणूस गाडी आमच्या देशात विकून, जकात बुडवून, हात हलवत घरी जाईल. त्यासाठी आधीच हमी भरायची. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीहूनही जास्त.

गुरुजी उखडले. "गाडी माही, पेट्रोल माहं, मंग हमी काहाची?"

तेवढ्यात कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या ट्रक ड्रायव्हरने तोंड उघडलं. टपरीवरचा हा एकटाच माणूस खरोखर नेपाळात गाडी घेऊन गेलेला, त्यामुळे त्याला आतापर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, नेपाळला यातलं काहीच लागत नाही. सुनौलीला जायचं, पलीकडे भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टमचं कार्यालय आहे. गाडीचं आरसी, आपलं लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचं, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, पावती घ्यायची, निघायचं. पावती नसेल तर गाडी जप्त. व्हिसा नाही, कार्नेट नाही.

गुरुजींचा चेहरा पडला. इतकं सोपं असेल तर गावात येऊन सांगायचं काय?

खरं तर सीमा सोपी करण्याचा मोठा प्रयत्नही होऊन गेला आहे. १५ जून २०१५ ला थिंपूत भारत, भूतान, बांगलादेश आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या येऊ-जाऊ द्यायचा करार केला. सह्या झाल्या, फोटो निघाले. मग भूतानच्या वरच्या सभागृहाने विचारलं, एवढ्या गाड्या आमच्या छोट्याशा देशात मावणार कुठे? आणि कराराची गाडी अडली. विकास दारात आला असताना जागेचं मोजमाप काढणारं सभागृह असतं, हे ऐकून आमच्याकडची मंडळी हळहळली.

मला मात्र ते कार्नेट आवडलं. जे सीमेपार जातं ते परत आलं पाहिजे आणि त्याला कोणीतरी जामीन राहिलं पाहिजे, हा विचार फार थोर. तो फक्त गुरुजींच्या गाडीवर का खर्च करायचा?

आमची झीनत घ्या. ताडोब्याची ही वाघीण २०२४ च्या नोव्हेंबरात सगळ्या सरकारी परवानग्यांनिशी ओडिशाच्या सिमिलिपालला नेली. तिने मात्र कोणालाही न विचारता झारखंड गाठलं, तिथून पश्चिम बंगाल. शेवटी २९ डिसेंबरला बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि मग सिमिलिपालला परत नेलं. परवाना नाही, भन्सार नाही, तरी सरकार तीन राज्यांत तिच्या मागे धावलं. आता गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक घ्या. त्यांच्याजवळ वाहतुकीचा पास असतो. पण त्यांच्या चाकांना चिकटून गेलेला आल्लापल्ली-आष्टीचा रस्ता कोणत्या नाक्यावर अडवला होता?

परवाना मागणाऱ्याच्याच हाती परवान्याचं पुस्तक आलं, असंही आमच्याच मुलखात घडलं आहे. २७ एप्रिल २०११ ला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या टीपीचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. त्यानंतर जंगल बुडालं नाही, सरकारही बुडालं नाही.

तोच कित्ता गिरवून सिंदेवाही-लोनवाही नगरपंचायतीने स्वतःचं कार्नेट छापावं, अशी माझी नम्र सूचना आहे. ते बाहेर जाणाऱ्यांसाठी नको, आत येणाऱ्यांसाठी हवं. निवडणुकीत जो ताफा येईल, त्याचा खालचा तुकडा वेशीवर फाडावा. जाताना मधला फाडावा. वरच्या तुकड्यावर सभेत काय काय देऊ म्हणाले ते लिहून दोन्ही शिक्के मारावेत. वाघाच्या हल्ल्यानंतर भेटीला येणाऱ्या गाड्यांनाही हाच नियम. पाच वर्षांत परत आले नाहीत, तर हमी जप्त.

सूचना सर्वांना पटली. अडचण एकच आली. हमीची रक्कम मालाच्या किमतीवरून ठरते. टपरीवर बसून आम्ही मागच्या सगळ्या आश्वासनांची आजची बाजारातली किंमत काढली, ती शून्य निघाली. आणि शून्य रुपयांची बँक गॅरंटी कोणतीच बँक देत नाही.