थोरली ५४३२, धाकटी ५४३३

डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेस डेटाबेसची नवी मुख्य आवृत्ती घेतली म्हणून जुनी जागा सोडत नाही. थोरली ५४३२ पोर्टवर ठाण मांडून असते. धाकटीला ५४३३ मिळतो. चुलीही वेगळ्या, कारण एकीच्या डेटा-फायली दुसरीला उघडताच येत नाहीत. धाकटी रिकामी बसून मेमरी अडवते, राबते थोरलीच. मग ती ९.६ का असेना! तिचा सपोर्ट नोव्हेंबर २०२१मध्ये संपला, पण ‘चालतंय ना?’ हे आपलं सर्वोच्च तांत्रिक प्रमाणपत्र. (प्रत्येक मुख्य आवृत्तीचं आयुष्य पाच वर्षांचं, हे वाचतो कोण?) स्थलांतराची आज्ञा एका ओळीची, तिच्यावरच्या बैठका मात्र दर तिमाहीला. साहेब, बॅकअप घ्या, रिकामी धाकटी हटवा आणि ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ एकदाचं चालवा.