गिऱ्हा टँकरने येतो

आमच्या सिडकोत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा माणसांच्या वेळेला येईलच असं नाही. अशाच एका रात्री दोन वाजता हौद भरायच्या प्रतीक्षेत मी जिन्यात बसलो होतो. बाहेर मिट्ट अंधार, कोपऱ्यावरच्या पिंपळाची सळसळ. पाणी येण्याआधी नळ जो घसा खाकरतो, तो रात्री दोनला ज्यानं एकट्यानं ऐकलाय, त्याला वेगळ्या भयकथेची गरज नाही. मी चांगलाच टरकलो आणि त्या टरकण्यातच डोक्यात एक शीर्षक आलं: 'गिऱ्हा टँकरने येतो'. भीती जागीच मेली.

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, डोहात राहून माणसाला आत ओढणारं. आता आमच्या शहरात त्यानं राहायचं कुठं? खाम नदीत सोडला तर तोच नाक दाबून बाहेर येईल. पाणचक्कीत राहावं, तर दिवसभर सेल्फीवाले. म्हणजे बिचारा टँकरनेच येणार आणि सोसायटीतल्या बायका त्याला हंडा देऊन रांगेत उभं करणार.

त्या रात्रीपासून मला नाद लागला. दोनशे पानी वही आणली आणि विनोदी भयकथांची शीर्षकं लिहीत सुटलो. यात माझी हुशारी फार नाही, अर्धं काम भाषेनं आधीच करून ठेवलंय. 'भूतदया' घ्या. 'भूतपूर्व सरपंच' घ्या. तो वारला तरी ग्रामपंचायतीच्या बैठकीला येतो, एवढंच लिहायचं बाकी. 'समंधाचा काही संबंध नाही' हे पोलीस ठाण्यातल्या जबाबासारखं वाटतं, म्हणून मला आवडतं. 'बेताल वेताळ' मात्र खोडलं. ते कुणालाही सुचेल.

गावातली नावंही कामाला आली. मलिक अंबरनं 1612 साली बांधलेला भडकल दरवाजा, चारशे वर्षं ट्रॅफिक सोसून अखेर एका सकाळी 'भडकल गेट भडकलं'. दिवाळीच्या खरेदीत अख्खी बाजारपेठ लोकांसकट नाहीशी होते, ती 'गुलमंडी गुल'.

पण माझं लाडकं शीर्षक 'मुंजाची सोडमुंज'. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, असं आमची आजी सांगायची. मग त्याला मांत्रिक कशाला? भटजी बोलवा, सोडमुंज उरका, पोरगा लग्नाला मोकळा! पत्रिका छापायची: 'स्थळ उत्तम. पिंपळ, स्वतःचा, रस्त्याला लागून.' हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, वह्या भरण्यापेक्षा हौद भरा."

खऱ्या भयकथेची शीर्षकं अशी लांबलचक नसतात. नारायण धारपांची बघा: 'लुचाई', 'ग्रहण', 'शपथ'. एकेक शब्द, दार लावून घेतल्यासारखा. 'लुचाई' म्हणजे काय ते पुस्तक उघडण्याआधी कुणालाच ठाऊक नसतं, तरी दिवा लावावासा वाटतो. विनोदी भुताला मात्र नातं लागतं. 1993 सालच्या 'झपाटलेला' सिनेमातल्या बाहुल्याचं नाव नुसतं 'विंचू' असतं तर पोरं रडली असती. 'तात्या' लागलं आणि तो घरातला झाला. आपल्याकडं तात्याला कोण घाबरतं? पेन्शन घेतात, पेपर वाचतात.

शहराच्या नावावर केलेली सगळ्यात फक्कड कोटी 2022 सालच्या सिनेमाची, 'झोंबिवली'. डोंबिवलीत झोंबी आले, हे एका शब्दात उरकलं. हेवा वाटला. वर 'झोंबी' हा आपला जुना, कुस्तीतला मराठी शब्द. माझ्या भाच्यानं याच गफलतीत ग्रंथालयातून आनंद यादवांची 'झोंबी' आणली. मुडदे कधी उठतात म्हणून वाचत गेला आणि एका गरीब पोराची शिकण्यासाठी चाललेली झटापट वाचून डोळे पुसत परत करून आला.

तर शीर्षकं झाली सत्तेचाळीस. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना यादी पाठवली. उत्तर आलं, "शीर्षकं झकास. कथा कधी पाठवता?"

इथं गाडी अडली. 'सोडमुंज' लिहायला बसलो, तर पहिल्या पानावरच पिंपळ हसायला लागला. भीती कुठून आणायची? म्हणून दौलताबादला गेलो. किल्ल्यातली अंधारी म्हणजे वळणावळणाचा काळोखा भुयारी जिना. शत्रू यात शिरला की अंधारात आपल्याच माणसांवर वार करायचा, असं गाइड सांगतात. वटवाघळांचा उग्र वास नाकात गेलेला. आमच्या गाइडनं सगळ्यांना गप्प केलं आणि मशाल विझवली. मी वहीतल्या सत्तेचाळीसपैकी एखादी कोटी आठवून पाहिली. एकही येईना. जीभ टाळूला. माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं होतं आणि ते कोण, हे विचारायची हिंमत नव्हती. तेवढ्यात मागून एक चिमुरडं पोर म्हणालं, "पप्पा, यांनी पण बिल नाही भरलं?"

अख्खी अंधारी हसली. मनगट धरणाराही हसला. तो पुण्याचा निघाला. त्या पोराकडं ना वही होती ना यादी.

उतरताना एकच शीर्षक सुचलं. आमचं शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. मनात आलं, 'त्रेपन्नावा दरवाजा'. यात कोटी नाही, विनोद नाही. त्या रात्री नळ खाकरला तेव्हा मी जिन्यात गेलो नाही. हौद बायकोनं भरला.

बाकी सत्तेचाळीस शीर्षकं ज्यांना हवीत त्यांनी खुशाल न्यावीत, मानधन नको. पण 'त्रेपन्नावा दरवाजा' मागू नका. ते पान मी दुमडून ठेवलंय आणि दिवसाउजेडीच उघडतो.