समेटाचा रंग

तैलरंग शिकायचे तर एखाद्या उस्तादाचं चित्र उतरवून काढा, असं क्लासच्या सरांनी सांगितलं. मी सोप्यातला सोपा उस्ताद शोधला: मॉरिस द व्लामिंक. पॅरिसजवळच्या शातू गावची सीन नदी त्यानं १९०६ साली रंगवली, तेच चित्र घेतलं. तांबडी झाडं, निळं-पांढरं पाणी, आणि फटकारे असे, की हातात ब्रश नव्हे, खराटा असावा. शिवाय गृहस्थ स्वतःच शिकलेला. सायकलच्या शर्यती मारायचा, व्हायोलिन वाजवायचा. १९०५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची, मातीसची, दरँची चित्रं पाहून एका समीक्षकानं या मंडळींना ‘फोव्ह’, म्हणजे जंगली श्वापदं म्हटलं होतं. मी मनात म्हटलं, श्वापदांना जमतं ते सोसायटीच्या सचिवाला का जमू नये?

पाचव्या मिनिटाला तांबड्या काठाशेजारी हिरवं गवत आलं. दोघे ओले, दोघे तापलेले. वीस वर्षं पार्किंगचे तंटे मिटवलेला माझा हात आपसूक मध्ये पडला. जरा कडेवरून ब्रश फिरवला, की दोघांचं जमेल! तांबडा-हिरवा शेजारी ठेवले की एकमेकांना पेटवतात आणि मिसळले की चिखल होतो, हे मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. मग नारिंगी छपरांचा निळ्या पाण्याशी समेट केला. दुपारपर्यंत सीनला मुठेचा पावसाळी पूर आला.

चिखल झाकायला जवसाचं तेल सढळ हातानं ओतलं आणि वर टर्पेंटाइननं पातळ केलेला रंग चढवला. नियम नेमका उलटा: आधी पातळ, मग तेलकट. नाहीतर वरचा थर आधी वाळून बसतो आणि खालचा सावकाश वाळताना त्याला तडे देतो. तैलरंग मुळात पाण्यासारखा उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. जाड थराला तर महिने लागतात. चित्र तीन आठवडे हॉलमध्ये ओलंच. ‘‘पावसात चादरीसुद्धा याच्या आधी वाळतात,’’ ही म्हणाली, आणि पाहुण्यांना त्या भिंतीपासून लांब बसवू लागली.

सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. ‘‘फटकारा मारला की हात काढून घ्यायचा, साहेब. दोन रंगांमध्ये कोरा कॅनव्हास दिसला तर दिसू द्यायचा. तुम्ही सगळ्यांचं मन राखायला जाता.’’

त्याच रविवारी सोसायटीची मीटिंग. तळमजल्याचे काका आणि दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर, जुनंच भांडण: गाडी कुणाची कुणाला खेटते. एरवी मी दोघांना चहा पाजून समजूत काढली असती. या वेळी म्हटलं, ‘‘समेट नाही. मध्ये वीतभर पांढरी पट्टी, बस्स.’’ सभा चकित. पट्टीचा खर्च कुणी करायचा, यावर मात्र लगेच दुसरा तंटा. मी उदार झालो. पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब घरात पडूनच होती. सगळी पिळली, जाड, थेट, न मिसळता.

तेव्हापासून दोघेही गाड्या पट्टीपासून हातभर लांब लावतात. सोसायटीत माझं कौतुक चाललंय. पट्टी अजून वाळलेली नाही, एवढंच.