मुन्सफ मास्तर

"गाडी सुरू होत नाही" हे निरुपद्रवी वाक्य ज्यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नसते, असे एक गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात, आणि वाचकांनाही ते ठाऊक असणारच. दुसरा कोणी हे ऐकून बाह्या सरसावील, धक्का मारायला पुढे होईल, निदान "काय बाप्पा, आताच बिघडली काय?" असे म्हणून सहानुभूती तरी दाखवील, हे गृहस्थ मात्र चष्मा नाकाच्या मध्यावर आणतात आणि पुढ्यात वादी उभा असल्याप्रमाणे विचारतात, "सुरू होत नाही, असे म्हणणारे कोण? इंजिन फिरते आणि पेट घेत नाही, की मुळात फिरतच नाही? काल सायंकाळी चालू होती, याला साक्षीदार कोण? जबानी नीट द्या." आपल्याला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचे असते, मागच्या आसनावर सासूबाई नैवेद्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या असतात, मे महिन्यातले यवतमाळचे ऊन टपावर तापत असते, पण तपास सुरू झाल्यावर मुद्देमाल जागचा हलवायचा नाही, असा या दरबाराचा दंडक असल्यामुळे सासूबाईंसह सर्व मुद्देमाल तेथेच थांबतो.

आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेले हे गृहस्थ एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 'यांत्रिक मोटारगाडी' या व्यवसायाचे शिल्पनिदेशक. त्यांचे आजोबा मुन्सफाच्या कोर्टात बेलीफ होते, आणि समन्स, जप्ती, कैफियत, तहकुबी हे शब्द त्या घरातल्या पोरांनी वरण-भाताबरोबरच गिळलेले होते, अशी वदंता आहे. म्हणून नातवाच्या हाती दौत-टाकाऐवजी पाना-पेचकस आले, तरी जिभेवरचे दप्तर जुनेच राहिले. विद्यार्थ्यांनी त्यांना 'मुन्सफ मास्तर' ही पदवी बहाल केली, आणि सेवापुस्तकात रीतसर नोंद झालेली असावी अशा निर्विकारपणे त्यांनी ती धारण केली.

त्यांच्या वर्गात येणारी मुले बहुतेक घाटंजी, राळेगाव, मारेगाव, महागाव या भागांतल्या कापूसकऱ्यांची. विहिरीवरची मोटार जळाली की "नवी टाका" आणि फवारणीचा पंप अडला की "नवा घ्या" हे गावच्या मिस्त्रीचे शास्त्र पाहत वाढलेल्या या मुलांना ठिणगीचा दोष म्हणजे स्पार्क प्लगचा दोष, एवढे एकच वेदवाक्य ठाऊक असे. मास्तर हे जाणून होते. लोखंडी घोडीवर चढविलेल्या अॅम्बेसेडरच्या जुन्या इंजिनात मुले यायच्या आत ते काहीतरी खोडी करून ठेवीत; कधी अर्थची तार सैल, कधी कंडेन्सर बाद, कधी तडा गेलेला रोटर. मग हजेरी होई, आणि तीदेखील चारचारांच्या रांगेत एक, तीन, चार, दोन अशी, म्हणजे त्या इंजिनाच्या सिलिंडरांत ज्या क्रमाने ठिणगी पडते त्या क्रमाने होत असल्यामुळे दुसऱ्या जागेवरचा मुलगा बिचारा नेहमी शेवटपर्यंत ताटकळत राही. हजेरी आटोपली की हात पाठीमागे बांधून मास्तर जाहीर करीत, "इंजिन मयत आहे. कारण शोधा."

"सर, प्लग गेला," एखादा पोट्टा छातीठोकपणे सांगे.

"जबानी घेतली?"

"कोनाची, सर?"

"प्लगची. तू त्याला फासावर चढवून राहिला ना? मग त्याला काय म्हणायचे ते ऐकायला नको?"

प्लग बाहेर काढला जाई आणि त्याचे बोलणे रंगावरून वाचले जाई. टोकाशी फिकट तपकिरी असेल तर हा इसम निर्दोष. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी, सबब कार्ब्युरेटरला हजर करा. तेलाने ओला असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात, त्यांना बोलवा. आणि पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन अतोनात तापत आहे, त्याचे कारण वेगळे शोधा. मास्तरांच्या मते प्लग हा गुन्हेगार क्वचित. बहुतेक वेळा तो घटनास्थळी सापडलेला गरीब साक्षीदार असतो, आणि वाटेच्या शेवटच्या टोकाला उभा असल्यामुळे व सर्वांत स्वस्त असल्यामुळे पहिली थप्पड त्यालाच बसते. करंट ज्या वाटेने येतो त्याच वाटेने तपास चालावा, म्हणजे आधी बॅटरी, मग स्विच, मग कॉइल, मग पॉइंट, मग कॅप आणि रोटर, मग तारा, आणि सर्वांच्या शेवटी प्लग, हा त्यांचा दिवाणी आणि फौजदारी असा दोन्ही कायदा होता.

एकदा त्यांनी पॉइंटांच्या मध्ये एसटीच्या तिकिटाचा एवढासा कपटा सरकवून ठेवला होता. मुलांनी प्लग बदलला, इंजिन मयतच. नवी कॉइल मिळावी असा तोंडी अर्ज आला. तो नामंजूर झाला. अखेरीस मारेगावकडचा एक अबोल मुलगा टेस्ट लॅम्प घेऊन वाकला. हॉर्न वाजला, दिवे लागले, तेव्हा बॅटरी सुटली. कॉइलच्या स्विचकडील टोकाला दिवा पेटला, तेव्हा स्विचही सुटला. मग कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला दिवा धरून त्याने सोबत्याला इंजिन फिरवायला सांगितले. पॉइंट उघडले की हा दिवा पेटतो, मिटले की विझतो, म्हणून इंजिन फिरताना त्याने फडफडायला हवे. तो फडफडला नाही, एकसारखा जळत राहिला. "सर, पॉइंट मिटूनच नाही राहिले," असे म्हणून त्याने कॅप उतरवली आणि तो कपटा चिमट्याने बाहेर काढला. मास्तरांनी तो हाती घेतला, त्यावर शिल्लक राहिलेली 'आर्णी' ही दोन अक्षरे चष्म्यातून वाचली आणि निकाल दिला, "आरोपी परगावचा आहे." त्यांनी आयुष्यात केलेला हा बहुधा एकमेव विनोद; पण ते स्वतः हसले नसल्यामुळे आपल्याला हसण्याची परवानगी आहे किंवा कसे, हे मधली सुट्टी होईपर्यंत वर्गात कोणालाच कळले नाही.

त्यानंतर फळ्यावर कॉइल आली. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह जाड तारेच्या काहीशे वेढ्यांतून वाहत असतो तोवर काहीच घडत नाही. पॉइंट उघडून तो प्रवाह तुटतो, त्या क्षणी बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात आणि प्लगच्या फटीतून उडी घेतात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी सिद्ध केलेली ही व्यवस्था पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मोटारींत चालली, ही हकीकत मास्तर इतक्या आदराने सांगत, की केटरिंग हे नागपूर खंडपीठावरील कोणी माजी न्यायमूर्ती असावेत, असा काही मुलांचा बरेच दिवस समज होता.

हे सारे वर्कशॉपच्या चार भिंतींत राहिले असते, तर कोणाची तक्रार नव्हती. पण दिग्रसकडच्या एका लग्नात वांग्याची भाजी खारट झाली, आणि पंगतीने एकमुखाने आचाऱ्याला दोषी ठरविले, तेव्हा मास्तर पानावरून उठले. "आचाऱ्याची जबानी झाली?" असे विचारून ते थेट चुलाणापाशी गेले, मिठाचे पोते कोणी फोडले, चव कोणी घेतली, चव घेणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी खर्रा होता काय, यांची तपासणी झाली, आणि मुलीच्या दोन मामांनी परस्परांना न विचारता, केवळ उत्साहाच्या भरात, एकेक ओंजळ मीठ घातल्याचे सिद्ध होऊन आचारी सन्मानपूर्वक सुटला. तोपर्यंत वरण थिजले होते, बुंदी संपली होती आणि दोन्ही मामा रुसून गावाच्या वाटेला लागले होते. घरी दूध नासले तरी हाच प्रकार. दूधवाला, पातेले, फडके यांची क्रमाने चौकशी होई, आणि अखेरीस मास्तरीणबाई म्हणत, "पातेल्याची जबानी सावकाश घ्या, तोवर चहा कोरा प्या."

एका डिझेलपुढे मात्र हा मनुष्य गप्प होई. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेट घेते. जेथे प्लग नाही, कॉइल नाही, पॉइंट नाहीत, तेथे साक्षीदारच नाहीत, आणि साक्षीदार नाहीत तेथे मुकदमा कसला? त्यामुळे दारव्हा रस्त्यावर एसटी बंद पडली आणि सगळे उतारू खाली उतरून आपापले निदान सांगू लागले, तरी मास्तर खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसत. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या आमच्या लाडक्या शकुंतला या आगगाडीला ७० वर्षे ओढणारे वाफेचे इंजिन १९९४ साली जाऊन डिझेलचे आले, तेव्हाही साऱ्या गावाला सुधारणेचा आनंद झाला असता त्यांनी एवढेच मत नोंदविले, की वाफेच्या इंजिनाची आग निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

या मनुष्याविषयी चांगले बोलण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, असाच माझा मूळ संकल्प होता. परंतु त्यांच्या पावसाळी तासाचे वर्णन केल्यावाचून हे व्यक्तिचित्र खरे होणार नाही. श्रावणाच्या झडीत आमच्याकडच्या काळ्या रानासारखीच जुन्या मोटारींनाही ओल धरते. कोरड्या दुपारी व्यवस्थित चालणारी गाडी पहाटे मिसिंग मारू लागते, आणि तार ओढून पाहिली, प्लग पुसून पाहिले, तरी दोष हाती लागत नाही. अशी एखादी गाडी आली की मास्तर शेडचे दरवाजे लावायला सांगत, दिवे मालवीत, इंजिन चालू ठेवून कॅपवर आणि तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारीत आणि मुलांना हात मागे ठेवून उभे राहायला लावीत. डोळे अंधाराला सरावले की कॅपच्या अंगावरून, एरवी मळाची रेघ वाटावी अशा एका बारीक चिरेतून, केसाएवढी निळी ठिणगी सरपटत लोखंडाकडे जाताना दिसे; प्लगच्या वाट्याची ठिणगी वाटेतच पळविली जात होती. गलका करणारी ती वीस-बावीस पोरे श्वास रोखून पाहत राहत, आणि मास्तर, स्वर अगदी खाली आणून, एवढेच म्हणत, "बोलला बघा." त्या दोन शब्दांत चोर सापडल्याचा आनंद नसे, चार निरपराध प्लग सुटल्याचा असे. हे मला पुष्कळ उशिरा ध्यानात आले, आणि ध्यानात आल्यावर मास्तरांचा राग करणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

पुढे काळ बदलला. १९८३ साली आलेल्या मारुतीत डिस्ट्रिब्यूटर तरी होता. नंतर इंजेक्शनची इंजिने आली, डिस्ट्रिब्यूटर गेला, पॉइंट तर त्याच्याही आधी गेले, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली, आणि स्कॅनर जोडला की पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटू लागला. मास्तरांचे न्यायालय आता बरखास्त झाले, असे आम्ही सर्वांनी समाधानाने धरून चाललो होतो. स्कॅनरवर 'पी ०३०१', म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरात पेट चुकतो, असे दिसताच मुलांनी "कॉइल बदला" असा पुकारा केला. मास्तरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "संगणकाने फिर्याद दाखल केली आहे, निकाल दिलेला नाही. कॉइलची जबानी झाली?" मग एक नंबरची कॉइल तिनावर आणि तिनाची एकावर बसविण्याचा हुकूम झाला. क्रमांक बदलून ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, कॉइल अपराधी. ०३०१ च कायम राहिला, तर कॉइल निर्दोष, आता प्लगला, इंजेक्टरला आणि कॉम्प्रेशनला बोलवा. पुण्याकडच्या सर्व्हिस सेंटरांत काम करणारे त्यांचे विद्यार्थी आजही ही अदलाबदल करतात, आणि त्यापायी गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात व साहेबांची बोलणी खावी लागतात, असे दिवाळीला घरी आल्यावर मास्तरांना सांगतात. मास्तर दोन्ही गोष्टी सारख्याच समाधानाने ऐकून घेतात.

सेवानिवृत्तीनंतर आमच्या वसाहतीने त्यांचा उपयोग करून घेण्याचे ठरविले. नवी टाकी बांधली, नवा पंप बसविला, तरी नळाला पाणी येईना, म्हणून चौकशी समिती नेमण्यात आली आणि तीत मास्तरांना घेण्यात आले. दोष पंपवाल्याचा आहे, याविषयी पहिल्या बैठकीपूर्वीच सर्वांचे एकमत झालेले होते. केवळ ठरावाची भाषा सभ्य असावी, एवढ्यापुरतीच चर्चा शिल्लक होती. मास्तरांनी चष्मा नाकाच्या मध्यावर आणला आणि म्हणाले, "पंपवाला शेवटी. सुरुवात बॅटरीपासून करू. रक्कम मंजूर कोणी केली? पाइप किती इंची ठरला होता आणि किती इंची आला? तो पास कोणी केला? क्रमाने जबान्या होऊ द्या." मंजुरी देणारे गृहस्थ समितीचे अध्यक्ष होते आणि पाइप पास करणारे गृहस्थ चिटणीस. बैठक कोरमअभावी तहकूब झाल्याची नोंद घेण्यात आली, वास्तविक खोलीत उभे राहायलाही जागा नव्हती. पुढील बैठकीस समितीची पुनर्रचना झाली, तीत मास्तरांचे नाव नजरचुकीने राहून गेले, आणि पंपवाल्यास कामावरून कमी करून त्याच्या जागी नवा पंपवाला नेमण्यात आला. पाणी अद्याप आलेले नाही. सबब नव्या पंपवाल्याच्या चौकशीचा विषय येत्या सभेच्या कामकाजपत्रिकेवर घेण्यात आला आहे.