बाविसाव्या मजल्यावरचे वंचित

एप्रिल २०२३ मध्ये हेमामालिनीबाईंनी मेट्रोने प्रवास केला. खासदार मथुरेच्या, राहायला जुहूला, त्या दिवशी काम दहिसरला. गाडीने दहिसर गाठायला दोन तास लागले. बाई दमल्या आणि परतीला मेट्रोत बसल्या. अर्ध्या तासात डी. एन. नगर. तिथून घरापर्यंत त्यांनी चक्क रिक्षा केली. ती दाराशी थांबली तेव्हा घरच्याच सुरक्षारक्षकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना, असं बाईंनी स्वतःच समाजमाध्यमावर कळवलं.

यातल्या मेट्रोचं आम्हाला फारसं नवल वाटलं नाही, रखवालदारांचं मात्र वाटलं. त्या बिचाऱ्यांची तरी काय चूक? दाराशी रिक्षा आली की ती परत पाठवायची, याचाच पगार मिळत असणार. त्या रिक्षातून मालकीण उतरली तर माणूस करणार काय? आमच्या मुलुंडात संध्याकाळी बायका रिक्षातून उतरतात तेव्हा कुणी चकित होत नाही. भांडण होतं, तेही सुट्ट्या पैशांवरून.

लोक श्रीमंतांवर जळतात. आम्हाला त्यांची कीव येते. साधी गोष्ट साधेपणाने करण्याची सोयच त्यांना उरलेली नाही; केली की बातमी होते. ५ फेब्रुवारी २०१० ला राहुल गांधी लोकलने अंधेरीहून दादरला आणि दादरहून घाटकोपरला गेले. आधी एटीएममधून पैसे काढले, मग रांगेत उभं राहून तिकीट घेतलं. देशभर मथळे झळकले. घाटकोपरची मेट्रो यायला तेव्हा चार वर्षं होती. त्यामुळे लोकलने जाणाऱ्या अंधेरीकराला दादरला जिना चढून गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हजारो लोक रोज ती वारी करत होते, एकाचाही फोटो कुणी छापला नाही. पक्षपात नको म्हणून हेही सांगतो, की १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधान मोदींनी गुंदवली ते मोगरा असा मेट्रोप्रवास केला. म्हणजे एक स्टेशन. एवढ्या अंतराला आमचा माणूस शेअर रिक्षाही करत नाही, पण त्यासाठी पंतप्रधानांना कर्नाटकातून यावं लागलं.

त्याच वर्षी मे महिन्यात अमिताभ बच्चन एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून वेळेत कामावर पोहोचल्याचा फोटो फिरला. हेल्मेट कुठाय म्हणून ओरड झाली. मग खुद्द बच्चनसाहेबांचा खुलासा आला, की ते शूटिंगच्या जागीच होते आणि मोटारसायकल जागची हललीच नव्हती.

हे झाले नामवंत. त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. आमचा जीव तुटतो तो लालबहादूर शास्त्री मार्गावर, बोरिवलीत, ओशिवऱ्यात बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या साध्यासुध्या कोट्यधीशांसाठी. ही माणसं परवापर्यंत आपल्यातलीच होती. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की अर्ध्या ढुंगणाने बसून अख्ख्या आनंदाने घरी येत होती. मग पैसा आला. पैशाने घरात काय काय आलं ते सगळ्यांना दिसतं. कोण कोण गेलं ते कुणी मोजत नाही. पहिला गेला कंडक्टर. मग डब्यातला ग्रुप, मग कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला, भाजीवाली. सरतेशेवटी शेजारी. तो अजून तिथेच आहे म्हणतात, पण त्याचं नाव दारावर नसून फक्त गेटच्या ॲपमध्ये आहे.

आमच्या ओळखीतले एक काका चिपळूणहून आंब्याची पेटी घेऊन अशाच एका टॉवरमध्ये पुतण्याकडे गेले. गेटवर त्यांचा फोटो निघाला. नाव, नंबर, कोणाकडे, कशासाठी. वर मोबाइलवर विचारणा गेली, वरचा मोबाइल सायलेंटवर. "अंकल, अप्रूव्हल नहीं आया," सिक्युरिटी म्हणाला. काकांनी त्याला सांगितलं, "अरे, याच्या बारशाला कुंची मी आणली होती." ॲपमध्ये त्याला रकाना नव्हता. वीस मिनिटांनी मंजुरी आली, तर लिफ्टपाशी नवा अडथळा. हातात पेटी असल्यामुळे सर्व्हिस लिफ्ट. ही लिफ्ट कामवाल्या, पार्सलवाले, सामान आणि कुत्री यांच्यासाठी असते. काकांना तिचा फायदाच झाला. तिथे पुतण्याकडे काम करणारी बाई भेटली आणि बावीस मजल्यांत तिने सगळं सांगितलं. साहेबांचं बीपी वाढलंय, मुलाचं कॅनडाचं जमत नाहीये, वहिनींनी भात सोडलाय. पुढे दोन तास काका पुतण्यासमोर बसले होते, त्यात त्यांना कळलं ते एवढंच, की "मजेत आहोत."

बाई राहते भिंतीपलीकडे. म्हणजे शब्दशः भिंतीपलीकडे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत जागा एक, इमारती दोन. पात्र झोपडीवाल्याला हल्ली ३०० चौरस फूट फुकट आणि त्या बदल्यात बिल्डरला विकायला टॉवर. एक 'रिहॅब', एक 'सेल'. एकाच सातबाऱ्याच्या पोटी जन्मलेल्या या जुळ्या बहिणी, पण जाहिरातीत फोटो एकीचाच. सेलचं गेट हमरस्त्यावर, रिहॅबचं मागच्या गल्लीत. बावीसवाल्याला घरातून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात, नशीब असेल तर ठाण्याची खाडी दिसते. सरळ खाली काय आहे ते मात्र दिसत नाही, कारण काच उघडत नाही. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा उघडला, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलाच्या वर निघाला आणि दोघांची गाठच पडेना. सगळं शहर हसलं. पण पालिकेने जॅक लावले, बर्फीवाला उचलला आणि जुलैत जोडून दिला. सेल आणि रिहॅब जोडणारा जॅक अजून कुणाच्या टेंडरमध्ये आलेला नाही.

भाजीचंही असंच. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका मुलाने लिहिलं, की ॲपवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे पाहून आईला धक्का बसला. ब्लिंकिटच्या प्रमुखांनी ते मनावर घेतलं आणि भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. केवढं कौतुक झालं! घाटकोपरच्या मंडईतल्या मावशी हा शोध लावून पिढ्या झाल्या, आणि त्या वर दोन मिरच्याही टाकतात. शिवाय "सुनेला बरं आहे का आता?" असं विचारतात. ॲप पाच तारे मागतं.

कुणी म्हणेल, राहीनात का बापडे वर, आपलं काय जातं? आपले पाच रुपये जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही नाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. त्यातले दोन नाके आमच्या मुलुंडचे, म्हणून आम्ही पेढेही खाल्ले. पंचेचाळीस रुपयांच्या ओझ्याखाली मोटारवाला पिचला होता, हे सरकारला काचेतून दिसलं. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचावरून दहा झालं, एसी बसचं सहावरून बारा. बसवाला कुणाला दिसला नाही, कारण तो स्टॉपवर उभा होता आणि मोटारीची काच काळी होती. सागरी सेतू, अटल सेतू, किनारी रस्ता, तिन्हींवर दुचाकीला बंदी. चालणाऱ्यांसाठी एमएमआरडीएने २००८ पासून ३६ स्कायवॉक बांधले. त्यामागचा विचार असा, की ज्याला पाय आहेत त्याने जिना चढावा आणि ज्याला चाकं आहेत त्याने सपाटीवरून जावं. हे ज्याला सुचलं तो स्टेशनवरून दोन पिशव्या घेऊन घरी कधी आला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

मात्र हल्ली वरच्या मंडळींनाही चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं आहे, असं दिसतं. काकांच्या पुतण्याच्या सोसायटीत नुकतीच नोटीस लागली. काकांनी ती उतरवून आणली, आम्ही जशीच्या तशी देतो:

"सर्व सभासदांना कळविण्यात आनंद होतो की, येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता क्लबहाऊसमध्ये 'चाळीतली एक संध्याकाळ' हा कार्यक्रम आयोजित केला आहे. कॉमन गॅलरी, नळावरची रांग व लोकलचा डबा यांचे देखावे उभारण्यात येतील. वडापाव व कटिंगचे लाइव्ह काउंटर असेल. प्रवेशमूल्य माणशी १,५०० रुपये. पाहुण्यांची नोंद ॲपवर दोन दिवस आधी करावी. वडापाववाल्यांनी सर्व्हिस लिफ्टने यावे."